वानरं मारून माकडताप जाणार नाही

काजूचा हंगाम आला की खानापूर-चंदगड भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'जंगल वाढलं, माकडं वाढली, म्हणून माकडताप आला. माकडं रोग पसरवतात. माकडं मारा, रोग संपेल.' जांबोटी-कणकुंबीकडची शहाणीसुरती माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून लिहितो आहे.

'माकडं रोग पसरवतात.' नाही. माणसाला हा ताप होतो तो गोचीड चावल्यानं. विषाणू राहतो गोचिडीत आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या लहान जनावरांत. काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं आपल्यासारखीच या तापाला बळी पडतात. 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात रोग उघडकीला आला, तेव्हाही माणसं तापानं फणफणत होती आणि रानात माकडं मरून पडत होती. नाव तेवढं माकडांच्या माथी बसलं.

'जंगल वाढलं.' हे तर साफ उलटं. 1983 मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली, दीड हजारांवर लोक आजारी पडले. त्याआधी तिथं काजू लावायला जंगल तोडलं होतं. सलग रान तुटलं की कडेनं झुडपं माजतात, उंदरांना आसरा मिळतो. त्याच कडेला आपण गुरं चारतो. गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसतात, मग पाचोळ्यात अंडी घालतात. पुढे 2015 ला गोव्यातल्या सत्तरीत, 2016 ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात साथ आली. तिथल्या काजूबागांत कामाला जाणारे मजूर बरेचसे आपल्याच भागातले. त्यांना हे कुणी समजावून सांगितलं?

'माकडं मारा.' गुन्हा आहेच, पण धोका त्याहून मोठा. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा घातक होते. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. भोवतीच्या जागेवर गोचीडनाशक पावडर मारावी लागते.

गोचिडीची पिल्लं डिसेंबर ते मे जास्त असतात, खसखशीएवढी, दिसतही नाहीत. रानात जाताना अंगभर कपडे घाला, गोचीड दूर ठेवणारं तेल चोळा, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा. आणि त्या दिवसांत रानातला पाचोळा गोठ्यात अंथरायला आणू नका.