सर्वसंमतीने ठरलेली एक संध्याकाळ

जिथे कोणी पदाधिकारी नाही, कोणाला पगार नाही आणि प्रत्येक निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो, अशा चळवळीच्या जागेत एखादा कार्यक्रम ठरवणे हे मोर्चा काढण्यापेक्षा अवघड काम आहे, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. मोर्चात निदान विरोधक कोण आहे, हे आधीपासून ठाऊक असते. आमच्या बैठकीत तो विषयागणिक बदलतो आणि बहुतेक वेळा आपल्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो.

कार्यक्रम तसा साधा होता. कार्यकर्त्यांना येणाऱ्या थकव्यावर एका जाणकार बाईंचे तासाभराचे भाषण आणि नंतर चर्चा. विषय आमच्यासारख्यांकडूनच निघालेला आहे, ही त्यातली गंमत. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘बर्नआउट’वर, म्हणजे याच थकव्यावर, जो लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना, आणि त्यांच्यातच मोडणाऱ्या स्वतःला, पाहून. दिवसभर आपला व्यवसाय करून संध्याकाळी फुकट काम करणारा माणूस हळूहळू कसा चिडचिडा, संशयी आणि हेकट होत जातो, याचे त्याने जे वर्णन केले आहे, ते वाचताना आमच्या कार्यक्रम समितीचे इतिवृत्त वाचत असल्याचा भास होतो.

पहिला प्रश्न तारखेचा. वर्षात काही तारखा अशा असतात की त्या दिवशी सगळ्यांनाच कार्यक्रम हवा असतो. ८ मार्चला महिला दिन, १ मेला कामगार दिन, ५ जूनला पर्यावरण दिन, १० डिसेंबरला मानवी हक्क दिन. या चार दिवशी आमच्या एकुलत्या एका खोलीवर पाच-पाच गटांचा हक्क असतो आणि उरलेल्या दिवसांना कोणी वाली नसतो. आम्ही मुद्दाम बिनमहत्त्वाची तारीख शोधली. ती ठरताच एका साथींनी सांगितले की कोणताही दिवस बिनमहत्त्वाचा मानणे ही मुळात प्रस्थापितांची दृष्टी आहे. मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे त्यावर चर्चा झाली.

आमच्याकडे मतदान होत नाही. बहुमत म्हणजे अल्पसंख्याकांवर लादलेला निर्णय, अशी आमची धारणा असल्यामुळे सहमती होईपर्यंत बसायचे, हा नियम. ही पद्धत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बैठकांतून आली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अणुऊर्जाविरोधी आंदोलकांनी ती उचलली. १९७७ मध्ये सीब्रुक येथील अणुवीज प्रकल्पाच्या जागेवर ठाण मांडणाऱ्या १,४१४ जणांना अटक झाली, तेव्हा कोठडीतसुद्धा त्यांच्या बैठका याच पद्धतीने चालत होत्या. या इतिहासाबद्दल मला नितांत आदर आहे. फक्त एक गोष्ट नम्रपणे नोंदवावीशी वाटते की त्या मंडळींना उठून घरी जाण्याची सोय नव्हती. आमच्याकडे शेवटच्या बसची वेळ झाली की ज्यांचे घर लांब त्यांचा विरोध मावळतो, आणि जे चालत जाऊ शकतात त्यांच्या भूमिकेला सहमती असे नाव पडते.

वेळ वाचावा म्हणून आम्ही हातांच्या खुणाही वापरतो. दोन्ही हात वर करून बोटे हलवली तर पाठिंबा, खाली करून हलवली तर नापसंती, छातीवर हातांची फुली केली तर ‘ब्लॉक’, म्हणजे तत्त्वाचाच प्रश्न असल्यामुळे निर्णयाला साफ नकार. आर्थिक विषमतेविरुद्धच्या २०११ च्या ऑक्युपाय आंदोलनात या खुणा जगभर पोहोचल्या. मोकळ्या मैदानातल्या शेकडो माणसांना त्या नक्कीच उपयोगी पडत असतील. आमच्या अकरा जणांच्या बैठकीत मात्र कोणी आळस द्यायला हात वर केले तरी ते इतिवृत्तात पाठिंबा म्हणून चढते, आणि गारठा वाजून ज्यांनी हात छातीशी घेतले, त्यांना आपली तात्त्विक हरकत विस्ताराने मांडण्याची विनंती केली जाते. याहून वाईट म्हणजे ते ती मांडतातही.

खरा काथ्याकूट झाला तो खुर्च्यांवर. रांगेत खुर्च्या मांडल्या की वक्ता समोर आणि लोक खाली, म्हणजे उतरंड आली. तेव्हा गोल मांडायचे ठरले. गोल मांडल्यावर लक्षात आले की प्रोजेक्टरचे चित्र एकाच भिंतीवर पडते, त्यामुळे निम्म्या लोकांची त्याकडे पाठ होणार आणि उरलेल्या निम्म्यांना ते पहिल्या निम्म्यांच्या डोक्यांवर दिसणार. अर्धवर्तुळाची सूचना आली, पण अर्धवर्तुळाला मध्य असतो आणि मध्यात कोणीतरी बसते, हे कोणाच्या तरी ध्यानात आले. अखेर प्रोजेक्टरच नको असे ठरले. या निर्णयाला सर्वांची बोटे उत्साहाने हलली, कारण त्याच्या केबलचे टोक कोणत्याही लॅपटॉपमध्ये जात नाही, हे प्रत्येकाला मनातून माहीत होते.

पोस्टरची कथाही याच वळणाची. सहयोगी संघटना सात. कोणाचे बोधचिन्ह आधी, हा प्रश्न अकारविल्हे सोडवावा असे मी सुचवले, तर ज्यांचे नाव ‘स’पासून सुरू होते त्यांनी ही शतकानुशतकांची उपेक्षा असल्याचे सांगितले. मग सातही चिन्हे गोलाकार बसवली. मध्ये जी जागा उरली तिच्यात विषय, वक्त्या, स्थळ आणि तारीख इतक्या बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवावे लागले की ते पोस्टर पाहून लोकांना सात संघटना एकत्र आल्याचे तेवढे समजले. कशासाठी, ते नाही.

१९४४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने शत्रूच्या प्रदेशातील सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका काढली होती. तिच्यात स्फोटकांची गरज नसलेले उपायही दिले आहेत: शक्य तितके विषय समितीकडे सोपवा, समिती मोठी करा, पाचांहून कमी माणसे कधी ठेवू नका, मजकुरातल्या शब्दांवर घासाघीस करा, गेल्या बैठकीत ठरलेले पुन्हा उकरून काढा. हे वाचल्यापासून आमच्यात कोणीतरी हेर असावा असा मला संशय होता. पण हेराने इतक्या निष्ठेने सगळ्या बैठकांना हजेरी लावली नसती.

हे सगळे होत असताना प्रत्यक्ष कामे कोण करते, हा प्रश्न सभ्यपणामुळे कोणी विचारत नाही. आमचा अलिखित नियम असा की जो सुचवेल त्याने करावे. परिणामी ज्यांना वेळ नाही ते सूचनाही देत नाहीत, आणि ज्यांना कामे करायची नाहीत ते फक्त हरकती घेतात, कारण हरकतीला पुढे काम चिकटत नाही. आणि सत्ता? अमेरिकी स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्त्रीमुक्ती चळवळीतल्या अनुभवावरून बजावले होते की रचना नाकारल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. आमच्याकडे ती दिसते. सुतळीला बांधलेली, पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेली ती दाराची किल्ली आहे. ती ज्याच्याकडे असते त्याने आधी येऊन खोली झाडायची, खुर्च्या मांडायच्या, सगळे गेल्यावर दिवे घालवायचे आणि आपण कोणाच्याही वर नाही, असे अधूनमधून जाहीर करायचे. सध्या ती माझ्याकडे आहे.

कार्यक्रम झाला आणि चांगला झाला. वक्त्या बाईंनी आल्या आल्या खुर्ची भिंतीपाशी ओढली, सगळ्यांना समोर बसायला सांगितले आणि बोलायला सुरुवात केली; हरकत घ्यायला कोणाला सवडच मिळाली नाही. थकव्यावरचा पहिला उपाय म्हणून त्यांनी बैठका कमी करण्यास सांगितले. त्यावर विचार करण्यासाठी आम्ही लगेच एक उपसमिती नेमली.

शेवटी मी खुर्च्या उचलत असताना एक तरुण संकोचत जवळ आला. “ताई, मला तुमच्यासोबत काम करायला आवडेल. त्यासाठी काय करावं लागतं?” त्याचे नाव विचारायला हवे होते, हे किल्ली त्याच्या हातात ठेवून मी पायऱ्या उतरल्यावर माझ्या लक्षात आले.