लिंबू गराडूवर पिळा, गालावर नको

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मावशीने मला तो तिसऱ्यांदा पाठवला: 'एका पीलमध्ये पिंपल्स आणि खड्डे मुळापासून साफ! कातडी जितकी सोलेल तितका गुण जास्त. महाग वाटलं तर घरीच लिंबू-सोडा लावा, नैसर्गिक आहे, अपाय नाही. रंगपंचमीआधी करून घ्या.' पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं. मावशीला फोनवर सांगून झालं, आता बाकीच्यांसाठी लिहिते.

एका पीलमध्ये काहीच साफ होत नाही. पिंपल्ससाठीच्या पीलमधलं सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलकट छिद्रांत उतरून आत साचलेलं सैल करतं. 20 ते 30 टक्क्यांचं पील, दर दोन-तीन आठवड्यांनी, अशी चार-सहा सिटिंग लागतात. पिंपल्स कमी होतात. रोजचं औषध सुटत नाही.

खड्ड्यांचं प्रकरण वेगळं. डोळे मिटून गालावर बोट फिरवा. आरशात काळं दिसतंय पण बोटाला काहीच लागत नाही, तर तो खड्डा नव्हे, डाग. तो हलक्या पीलने फिका होऊ शकतो. बोट अडखळलं तर इजा आतल्या थरात आहे, आणि हलकं पील वरवरच काम करतं. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ 65 ते 100 टक्क्यांचं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरतात, पण टोकदार काडीने, फक्त खड्ड्याच्या तळाशी. तेच चेहऱ्यावर फासलं तर चेहरा भाजेल. पसरट खड्ड्यांना नीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर वगैरे.

'जितकी सोलेल तितकं' हे सगळ्यांत घातक. सॅलिसिलिकनंतर कधी नुसता कोंडा निघतो, तरी काम झालेलं असतं. उलट आपली गव्हाळ-सावळी त्वचा जास्त दुखावली की नवे काळे डाग धरते, आणि ते जायला महिने लागतात. सुटलेले पापुद्रे ओढणाऱ्यांनो, ऐकताय ना?

लिंबू-सोड्याची तर गंमतच. ग्लायकोलिक आम्लाचं पील थांबवायला क्लिनिकमध्ये सोड्याचंच पाणी लावतात! वाटीत फेस आला म्हणजे दोघांनी एकमेकांना मारलं. उरेल ते आम्ल की क्षार, हे नशिबावर. वर लिंबाच्या रसावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. सराफ्यात गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, पिळतात तेवढं लिंबू पुरे.

आणि रंगपंचमीआधी? ताजं पील, राजवाड्यावरचं दुपारचं ऊन आणि गेरीत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरमधून उडणारा रंग! मावशी, गेर बघून घे, पीलचं नंतर बघू. तेव्हाही पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन गोळी चालू असेल, अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल किंवा दिवस गेले असतील, तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.