दोन चुका आणि एक बरोबर उत्तर

सर, नमस्कार.

सावलीवरून पृथ्वीचा परीघ मोजल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीन वेळा वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण नुसत्या शब्दांनी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पुन्हा मोजायला हवं होतं, आणि त्यासाठी पुण्यात आणि कोल्हापुरात एकाच दिवशी स्वच्छ ऊन आणि दोघांनाही सवड असा रविवार मिळायला हवा होता. तो १२ जानेवारीला मिळाला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २२ डिसेंबरला मी आमच्या पुण्यातल्या गच्चीवर आणि माझ्या धाकट्या भावाने कोल्हापुरात त्याच्या अंगणात एक काठी उभी केली. काठी म्हणजे पडद्याचा रॉड, वाळू भरलेल्या रंगाच्या डब्यात रोवलेला, जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती मोजायची, एवढंच काम. पुण्यात ९०.२ सेंटिमीटर भरली, कोल्हापुरात ८४.०. त्यावरून सूर्य डोक्यापासून किती कललाय ते कोन निघाले, ४२.०५ आणि ४०.०३ अंश. फरक २.०२ अंश. पुणे-कोल्हापूर अंतर २३० किलोमीटर धरलं. २.०२ अंशांना २३० तर ३६० अंशांना किती, असं त्रैराशिक मांडलं आणि पृथ्वीचा परीघ आला ४१ हजार किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. अडीच टक्क्यांच्या फरकात पृथ्वी मोजली, असं मी आनंदाने लिहून टाकलं.

त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला, २३० हे रस्त्याचं अंतर आहे, घाटातल्या वळणांसकट, आणि कोल्हापूर पुण्याच्या सरळ दक्षिणेलाही नाही. तेव्हा उत्तर जुळलं तो निव्वळ योगायोग. दुसरा, परिघाचा आकडा मोबाइलवर दोन सेकंदांत मिळतो, त्यासाठी दुपार उन्हात घालवायची गरज नाही. तिसरा सगळ्यांत कडक होता. काठी-खडूच्या खेळाला प्रयोग म्हटलं की लोकांचा विज्ञानाविषयी गैरसमज होतो, विज्ञान ही प्रयोगशाळेत शिस्तीने शिकायची गोष्ट आहे. तुम्ही नागपुरात तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत, हेही लिहिलंत.

पहिला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे आणि चूक माझी आहे. सूर्याच्या कोनातला फरक पडतो तो फक्त दक्षिणोत्तर अंतरामुळे. खंबाटकी घाटातलं वळण न् वळण मोजून पृथ्वीचा परीघ वाढत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर पुणे ते कोल्हापूर हे निव्वळ दक्षिणोत्तर अंतर २०२ किलोमीटर भरतं. कोल्हापूर जे थोडं पूर्वेला सरकलेलं आहे त्याचा इथे संबंध नाही. २३० च्या जागी २०२ घातले आणि उत्तर आलं ३६ हजार.

म्हणजे चूक दुरुस्त केली आणि उत्तर बिघडलं. अडीच टक्क्यांवरून थेट दहा टक्के. त्या रात्री कॅल्क्युलेटरसमोर बसून मला पहिल्यांदा काय वाटलं ते इथे लिहिते, कारण तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे. मला वाटलं, २३० च ठेवावेत. काहीतरी कारण शोधावं. खरा आकडा माहीत होता आणि हात आपोआप त्याच्याकडे वळत होता.

मग दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. एक चूक काढल्यावर उत्तर जास्त चुकत असेल, तर तिला झाकणारी दुसरी चूक कुठेतरी असणारच. मी विचारलं, सावलीचं टोक नेमकं कुठे धरलंस? तो म्हणाला, "ताई, टोक कुठं सापडतंय गं? निम्मं पुसट असतंय. जिथवर काळं दिसलं तिथं खूण केली."

मी नेमकी उलट वागले होते. पुसट भाग जिथे संपत आला असं वाटलं, त्या बाजूला मी खडू टेकवला होता.

सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठी दिसणारी चकती आहे. चकतीच्या वरच्या कडेकडून येणारं ऊन सावली एका जागी संपवतं आणि खालच्या कडेकडून येणारं दुसऱ्या जागी. मधला पट्टा धड ऊनही नाही आणि धड सावलीही नाही. एक मीटरची काठी आणि डिसेंबरातला कललेला सूर्य असेल, तर हा पट्टा जवळजवळ १.७ सेंटिमीटर रुंद पडतो. आणि दोन गावांच्या सावल्यांमधला आमचा सगळा फरकच ६.२ सेंटिमीटर होता! मी तीन मिलिमीटर पुढे सरकले, भाऊ तीन मिलिमीटर मागे राहिला. त्या सहा मिलिमीटरांनी पृथ्वीचे चार हजार किलोमीटर खाल्ले, आणि रस्त्याच्या वळणांनी ते गुपचूप भरून दिले.

तुम्ही ज्याला योगायोग म्हणालात तो हा. तुमची प्रतिक्रिया आली नसती तर मला तो कधीच दिसला नसता. सुमारे २२०० वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हेच मोजलं तेव्हा त्यालाही अशी सांभाळून घेणारी गृहीतकं होतीच. त्याने इजिप्तमधली अलेक्झांड्रिया आणि सायीन, म्हणजे आजचं अस्वान, ही दोन शहरं एकाच दक्षिणोत्तर रेषेवर धरली. प्रत्यक्षात अस्वान तीन अंश पूर्वेला आहे. तरी वर्तुळाचा पन्नासावा भाग हा त्याचा कोन चांगलाच जवळ होता.

आता प्रयोगशाळेविषयी. मी बी.एस्सी. केलं आहे. आमच्या कॉलेजात लंबकाचा प्रयोग होता, दोलनकाल मोजून गुरुत्वत्वरण काढायचा. पूर्ण बॅचमध्ये एकाही मुलीचं उत्तर पुस्तकातल्या ९८० पासून फारसं हललं नाही. कारण आम्ही सगळ्या उत्तर आधी लिहायचो आणि रीडिंग मागाहून भरायचो. जर्नल वेळेत कम्प्लीट व्हायचं, सही व्हायची. स्टॉपवॉच, मीटरपट्टी, स्टँड, सगळं चांगल्या प्रतीचं होतं. शिस्तही होती. मोजणं तेवढं नव्हतं. मी हे शिक्षकांना दोष देण्यासाठी सांगत नाही, सर. साठ मुली, दोन तास आणि आठ लंबक असले की असंच होतं. पण चुकीचं रीडिंग आलं तर ते का आलं, याचा शोध घ्यायला मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. ते पहिल्यांदा सुचलं गच्चीवर, खडूने माखलेल्या हातांनी. म्हणून त्याला खेळ म्हणायला माझी तयारी नाही.

१२ जानेवारीला आम्ही काय बदललं ते सांगते, कुणाला करून पाहायचं असेल तर उपयोगी पडेल. रॉडच्या टोकावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा आडवा चिकटवला आणि त्याला तीन मिलिमीटरचं छिद्र पाडलं. एक मीटर उंची आता त्या छिद्रापर्यंत मोजली. त्यामुळे पुठ्ठ्याच्या सावलीत मधोमध उजेडाचा एक लांबट गोल पडतो. हा गोल म्हणजे सूर्याचं चित्रच असतं. त्याच्याही कडा मऊ असतात, पण दोन्ही टोकांना खुणा करून मध्य काढता येतो, आणि कुणाचाही हात एकाच बाजूला झुकत नाही. रॉड सरळ आहे की नाही हे पहिल्या वेळी डोळ्यांनी ठरवलं होतं. या वेळी ओळंबा सोडला. आणि गच्चीची फरशी सपाट नसते, पावसाचं पाणी जायला तिला मुद्दाम उतार दिलेला असतो, हे इतकी वर्षं तिथे कपडे वाळत घालूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अर्ध्या अंशाचा उतारसुद्धा सावली सहा-सात मिलिमीटरने बदलतो. म्हणून लाकडी फळी टाकली आणि गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून, खाली पुठ्ठ्याच्या चकत्या सरकवून ती समपातळीत आणली. यालाच तासभर गेला.

पुण्यात ८४.५ सेंटिमीटर, कोल्हापुरात ७९.१. कोन ४०.२० आणि ३८.३४. फरक १.८६ अंश. २०२ किलोमीटर धरून परीघ ३९,१०० किलोमीटर. चूक दोन-सव्वादोन टक्क्यांची. आकडा डिसेंबरातल्या इतकाच जवळचा आहे, पण या वेळी तो का जवळ आहे हे मी सांगू शकते, आणि अजून का चुकतोय हेही. मध्य ठरवताना एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर सात-आठशे किलोमीटर मागेपुढे हलतं. तेवढी चूक आमच्याकडून नक्की होते.

मोबाइलचा मुद्दा उरला. परिघाचा आकडा मोबाइलवर मिळतो, खरं आहे. पण त्या दिवशी वहीत आणखी एक नोंद झाली. २२ डिसेंबरला पुण्यात सर्वांत आखूड सावली पडली होती १२ वाजून ३३ मिनिटांनी. बाराला नाही, याचं कारण ठाऊक होतं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य आपल्याकडे सुमारे ३४ मिनिटं उशिरा माथ्याला येतो. १२ जानेवारीलाही मी १२ वाजून २० मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी खुणा करत बसले. ३३ झाले, ३५ झाले, गोल आपला जवळच सरकतोय. शेवटी १२ वाजून ४३ मिनिटांनी तो थांबला आणि मग लांब जायला लागला. तीन आठवड्यांत दुपार दहा मिनिटं पुढे गेली होती.

भावाला विचारलं तर त्याच्याकडेही तेच. डिसेंबरात १२ वाजून ३१, आता १२ वाजून ४१.

खाली येऊन वाचलं तेव्हा कारण कळलं. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत जास्त वेगाने पुढे जाते. त्यात तिच्या कललेल्या आसाचा परिणाम या दिवसांत त्याच बाजूने पडतो. त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांहून साधारण अर्धा मिनिट जास्त लागतो. रोज अर्धा मिनिट, तीन आठवड्यांत दहा मिनिटं. माझ्या सासूबाई पहाटे फिरायला जातात. त्या दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला म्हणतात, तीळतीळ दिवस वाढतो म्हणतात, मग सकाळी अजून काळोख कसा? मी दर वर्षी म्हणायचे, तुम्हाला तसं वाटतं. त्यांचं बरोबर होतं. सगळी दुपारच पुढे सरकत असल्यामुळे दिवस मोठा होत असूनही जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवायला उशीर होतच राहतो, वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला पडते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही तारखांच्या खुणा पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षं मी बरोबर सांगत होते."

हे मोबाइलवर आहेच. पण मोबाइलला हा प्रश्न विचारायला हवा, हेच मला माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट तुमच्या आधी मीच सांगते, कारण तुम्ही ती पकडणारच. २०२ किलोमीटर माझे नाहीत. ते नकाशातून घेतले, आणि नकाशा ज्यांनी केला त्यांनी पृथ्वी आधीच मोजली होती. त्या मोजणीची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ झाली. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्टनने पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवून, उन्हाने ती किती लांबते हे कळावं म्हणून तापमान नोंदवत, साडेसात मैलांची पायारेषा मोजली. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण बांधत तो पुढे सरकत गेला. एका अंशाला जमिनीवर किती अंतर पडतं हे काढणं हा त्याचा ध्यास होता. माझ्या फळीवर जे चाललं होतं तेच, फक्त वीस वर्षं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना त्याचा अवजड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोर तुटून आदळला, तेव्हा तंबूत बसून सहा आठवडे त्याने तो स्वतः दुरुस्त केला. १८२३ च्या जानेवारीत हे काम करत असतानाच तो गेला, आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. तुमच्या नागपूरपासून दोन तासांच्या आत.

म्हणून एक विनंती. पुणे-कोल्हापूर हा पाया फार आखूड आहे. नागपूर आणि कोल्हापूर यांच्यात दक्षिणोत्तर सुमारे ४९० किलोमीटर आहेत, जवळजवळ साडेचार अंश; तीच मिलिमीटरची चूक तिथे निम्म्याहून कमी जड पडेल. ९ फेब्रुवारीला रविवार आहे. तुमच्याकडे माध्यान्ह साधारण १२ वाजून २८ मिनिटांनी येईल, कोल्हापुरात १२ वाजून ४७ ला, माझ्याकडे १२ वाजून ४९ ला. तुम्ही मोजाल का? रॉड एक मीटर, छिद्र तीन मिलिमीटर, ओळंबा आणि फळी. आणि रीडिंग आम्हाला आधी सांगू नका, आम्हीही सांगणार नाही. तिघांनी कागदावर लिहून फोटो काढायचा आणि दुपारी दीड वाजता एकदम पाठवायचा.