लॅपटॉपचा चार्जर काढला की स्क्रीनला कसली धाड भरते?

बॅटरीवर उजेड थोडा कमी व्हावा, मान्य. पण ब्राइटनेसचा स्लायडर ७० वर, हात कीबोर्डला लागलेला नाही, आणि स्क्रीन आपली आपणच मंद-प्रखर होतेय, हा काय चावटपणा? कुणी मंद केली हे सांगायला एक ओळसुद्धा दिसत नाही.

विंडोज पूर्वी बॅटरीचा आणि चार्जरचा ब्राइटनेस वेगवेगळा लक्षात ठेवायची. चार्जर लावून एकदा सेट केला, काढून एकदा, की संपलं. पॉवर प्लॅनमध्ये, म्हणजे वीज-वापराच्या सेटिंग्जमध्ये, हे दोन्ही स्लायडर शेजारी-शेजारी होते. विंडोज १० मध्ये मधूनच ते उचलून टाकले, आणि वेगवेगळं लक्षात ठेवणंही. कुणाच्या पोटात दुखत होतं? मग बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज ११ मध्ये 'एनर्जी सेव्हर') येतो आणि वर आणखी कात्री लावतो. त्याची टिक निदान सेटिंग्जमधल्या पॉवर अँड बॅटरीत सापडते तरी.

खरा छळ कंटेंटवर चालणाऱ्या ब्राइटनेसचा. चित्र गडद असलं की बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, उतरवायचा आणि भरपाई म्हणून पिक्सेल उजळ करायचे, अशी ती युक्ती. काळ्या एडिटरमधून पांढऱ्या पानावर गेलात की उजेड हळूहळू चढतो, परत आलात की उतरतो. फोटोचे रंग दुरुस्त करणाऱ्याने तर कपाळच बडवायचं: सावल्यांतला तपशील खरा की भरपाईचा, कळणार कसं?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ब्राइटनेसशेजारचा बाण. तिथे 'चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट' ऑफ करा. झालं? छे! ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे चित्र दाखवणारी चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, दुकान वेगळंच. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टिम, पॉवर, तिथे बॅटरीखालचं 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज' बंद करायचं. एएमडीची चिप असलेल्यांनी त्यांच्या ॲड्रेनालिन ॲपच्या डिस्प्ले टॅबमध्ये 'व्हॅरी-ब्राइट' शोधायचं. एकच काम, तीन नावं, तीन जागा, आणि चार्जरवर यातलं बरंचसं झोपलेलं असतं, म्हणून दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर चार्जर लावून बघितलं की स्क्रीन ठणठणीत! तेव्हा स्क्रीनचं पॅनेल बदलायला सांगणाऱ्याला आधी चार्जर काढायला लावा.

खोलीतला उजेड मोजणारा लाइट सेन्सर असेल तर तोही मध्ये नाक खुपसतो. त्याची टिक ब्राइटनेसशेजारच्या त्याच बाणाखाली आहे. आणि ड्रायव्हर अपडेट झाला की हे सगळं पुन्हा तपासा, कारण बंद केलेलं खुशाल चालू होऊन बसतं.