सुळा नसलेली मादी आणि नारव्हालविषयीचा एक लोकप्रिय मजकूर

उत्तर ध्रुवीय समुद्रातील नारव्हाल या देवमाशाविषयीचा एक मजकूर सध्या समाजमाध्यमांवर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नारव्हालच्या कपाळावर शिंग असते आणि त्याने तो बर्फ फोडतो व मासे भोसकतो, नर त्याच शिंगांनी तलवारबाजी करतात, हे शिंग म्हणजे समुद्राची खबर देणारा ‘अँटेना’ असल्याचे विज्ञानाने आता सिद्ध केले आहे, युरोपातील राजे त्याची पूड विषावर उतारा म्हणून घेत आणि ‘राजे काही मूर्ख नव्हते’, आणि उत्तर ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या इनुइट शिकाऱ्यांनी हस्तिदंताच्या हावेपोटी चालवलेल्या कत्तलीमुळे हा प्राणी आता नामशेष होण्याच्या बेतात आहे. सोबतच्या देखण्या चित्रात शिंग दोन डोळ्यांच्या बरोबर मधोमध उगवलेले दिसते. मजकुरात खऱ्याचे तुकडे आहेत, त्यामुळे तो सरसकट झटकून टाकता येत नाही. एकेक दावा तपासावा लागतो.

चित्रापासूनच सुरुवात करू. ते शिंग नव्हे, दात आहे. नारव्हालच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात. नराचा डावा सुळा वरचा ओठ भेदून सरळ पुढे वाढत जातो आणि अडीच मीटरच्याही पुढे पोहोचू शकतो, तर उजवा सुळा सहसा कवटीच्या हाडातच रुतून राहतो. त्यामुळे तो मधोमध कधीच नसतो, डावीकडेच असतो. त्याचा पीळही कायम डावा असतो, आणि साधारण ५०० नरांमागे एखाद्याला दोन्ही सुळे फुटतात तेव्हासुद्धा दोहोंचा पीळ एकाच दिशेचा निघतो. उरलेले तोंड बोळके असते. चार-साडेचार मीटर लांबीच्या आणि टनाहून अधिक वजनाच्या या प्राण्याला चावण्यासाठी एकही दात नाही, म्हणून तो भक्ष्य ओढून घेऊन सबंध गिळतो.

आता ज्या एका गोष्टीचा मजकुरात उल्लेखही नाही ती पाहू. बहुतेक माद्यांना सुळा नसतो. तो असलेल्या माद्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के मानले जाते. तरीही माद्या त्याच बर्फाखाली हिवाळा काढतात, तेच मासे खातात, पिले वाढवतात आणि दीर्घायुषी होतात. डोळ्याच्या भिंगातील रासायनिक बदलांवरून ग्रीनलंडच्या नारव्हालांची वये काढण्यात आली तेव्हा सर्वांत वयस्क ठरलेला प्राणी मादीच होती, अंदाजे ११५ वर्षांची. तेव्हा सुळ्याशिवाय नारव्हालचे अडते असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक स्पष्टीकरणाला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: मग मादीचे कसे भागते?

बर्फ फोडण्याचा दावा या प्रश्नापुढे टिकत नाही, आणि आणखी एका कारणानेही टिकत नाही. हिवाळ्यात ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधील बॅफिन उपसागरात, जेथे पृष्ठभागाचा बहुतांश भाग बर्फाने झाकलेला असतो, नारव्हाल भेगांमधून श्वास घेतात. वारा पडून थंडी अचानक वाढली की या भेगा मिटतात आणि कळपच्या कळप एखाद्या आक्रसत जाणाऱ्या भोकाभोवती अडकून पडतात. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅनडातील पाँड इनलेट गावाजवळ असेच घडले. मोकळ्या समुद्रापर्यंत पोहोचण्याची शक्यता उरली नाही तेव्हा स्थानिक शिकाऱ्यांनी, सरकारी परवानगीने, ६०० हून अधिक नारव्हाल मारले आणि त्यांचे मांस आसपासच्या वस्त्यांना वाटले. सुळ्याने बर्फ फुटत असता तर हे प्राणी असे अडकलेच नसते. पातळ बर्फाला तडा द्यायचा झाल्यास नारव्हाल डोक्याने किंवा पाठीने तो रेटतो. या कामी पाठीवर पर नसणे त्याच्या पथ्यावर पडते. सुळ्याच्या आत मात्र जिवंत गर असतो, आणि मोडलेला सुळा पुन्हा मूळ रूपात येत नाही.

मासे भोसकण्याच्या दाव्याची गंमत अशी की अडीच मीटर पुढे टोकावर अडकवलेला मासा स्वतःच्या तोंडापर्यंत आणायचा कसा, हे सांगणाऱ्यांनाही सुचलेले दिसत नाही. २०१७ मध्ये उत्तर कॅनडातील नुनावुत प्रदेशात ट्रेम्बले साउंड येथे ड्रोनने टिपलेले एक चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात नारव्हाल आर्क्टिक कॉड माशाला सुळ्याने चटकन टोला मारून बधिर करताना आणि मग गिळताना स्पष्ट दिसतात. सुळ्याचा असाही उपयोग होतो, एवढे त्यावरून मान्य करायला हरकत नाही. पण नारव्हालचे खरे खाणे हिवाळ्यात होते, तेही शेकडो मीटर खोल काळोखात, कधी दीड हजार मीटरच्याही खाली बुडी मारून. तेथे ग्रीनलंड हॅलिबट मासे आणि माकूळ शोधण्याचे काम ध्वनीचे असते: नारव्हाल अतिशय अरुंद झोतात टिकटिक सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून भक्ष्य हेरतो. हे साधन नर आणि मादी दोघांकडेही आहे.

तलवारबाजीच्या दाव्यात अतिशयोक्ती असली तरी तो निराधार नाही. दोन नर पाण्याबाहेर सुळे उंच करून एकमेकांवर टेकवतात, हे अनेकांनी पाहिले आहे. पण ते बहुधा संथपणे चालते. दुसरीकडे, प्रौढ नरांच्या डोक्यावर व्रण आढळतात आणि मोडके सुळेही दुर्मीळ नाहीत, तेव्हा झुंज कधीच होत नाही असेही म्हणता येत नाही. या बाबतीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो. संशोधकांनी ३५ वर्षांत मोजमापे घेतलेल्या २४५ प्रौढ नरांची तुलना केली. शेपटीच्या आकारात नरानरांमध्ये बेताचाच फरक होता. सुळे मात्र कोणाचे जेमतेम ४५ सेंटिमीटर, तर कोणाचे २५० सेंटिमीटर लांब निघाले, आणि थोराड नरांचे सुळे शरीराच्या मानाने अधिकच लांब होते. सांबराच्या शिंगांत किंवा मोराच्या पिसाऱ्यात असाच प्रकार दिसतो. असा अवयव पोट भरण्यासाठी नसतो. तो प्रतिस्पर्ध्याला जोखण्यासाठी आणि मादीला आकर्षित करण्यासाठी असतो. सुळा नरालाच का, याचे सरळ उत्तर येथे मिळते.

‘अँटेना’चा दावा याच कारणाने जपून घ्यायला हवा. हार्वर्डच्या दंतवैद्यक विद्यालयाशी संबंधित मार्टिन न्वीया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की सुळ्याच्या बाह्य थरापासून आतल्या गरापर्यंत पोहोचणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात, आणि सुळ्याभोवती आळीपाळीने खारे व गोडे पाणी खेळवले असता प्राण्याच्या हृदयाची गती बदलते. हे संशोधन मोलाचे आहे, आणि इनुइट जाणत्यांच्या अनुभवाला त्यात दिलेले स्थान मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्यातून सुळ्याला संवेदना आहे, इतके निश्चित होते. मात्र संवेदना असणे वेगळे आणि त्या संवेदनेसाठीच अवयव घडलेला असणे वेगळे. पाण्याचा खारेपणा ओळखून बर्फ केव्हा धरेल हे ताडणे खरोखरच जिवावरचे काम असते, तर त्याची गरज पिलाला सोबत घेऊन फिरणाऱ्या मादीला अधिकच असती. ‘सिद्ध केले’ हे शब्द संशोधकांचे नव्हेत, मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचे आहेत.

विषावरील उताऱ्याचा दावा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत रंजक. मध्ययुगात उत्तरेकडील व्यापाऱ्यांमार्फत हे सुळे युरोपात पोहोचले, पण ज्याच्या तोंडातून ते आले तो प्राणी पोहोचला नाही. त्यामुळे दरबारांतून ते एकशिंगी घोड्याचे शिंग म्हणून मिरवले. १५७७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशरच्या मोहिमेतील खलाशांना आजच्या कॅनडातील बॅफिन बेटाच्या किनाऱ्यावर एक मेलेला नारव्हाल सापडला. त्याच्या मोडक्या सुळ्याच्या पोकळीत त्यांनी कोळी टाकून पाहिले. कोळी मेले आणि शिंग अस्सल ठरले! गंमत म्हणजे ही हकीकत लिहून ठेवणारा मोहिमेतील सदस्य प्रामाणिकपणे नमूद करतो की हा प्रयोग आपण स्वतः पाहिलेला नाही, खात्रीचे म्हणून ऐकलेले आहे. तो सुळा पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीकडे गेला. डेन्मार्कच्या राजांनी तर राज्याभिषेकासाठी नारव्हालच्या सुळ्यांचे सिंहासन घडवून घेतले. ते आजही कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग राजवाड्यात पाहायला मिळते.

राजे मूर्ख नव्हते हे मान्य. पण त्यांच्या पदरी शंका घेणारेही होते. फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य आंब्रोआझ पारे याने १५८२ मध्येच या औषधावर उघड टीका लिहिली. १६३८ मध्ये कोपनहेगनचे प्राध्यापक ओले वर्म यांनी सुळा जागच्या जागी असलेली नारव्हालची कवटी समोर ठेवून ही ‘शिंगे’ कोणाची, हा प्रश्न निकालात काढला. औषधी गुणांवरचा त्यांचा स्वतःचा विश्वास मात्र त्यानंतरही पुरता गेला नव्हता. सुळा हा दात आहे आणि इतर दातांप्रमाणेच तो मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेटचा बनलेला असतो. सोमल (आर्सेनिक) पोटात गेलेल्या माणसाला त्याची पूड वाचवू शकत नाही.

राहिला शेवटचा दावा, आणि तो नुसता चुकीचा नाही, अन्यायाचाही आहे. जागतिक स्तरावर नारव्हाल नामशेष होण्याच्या बेतात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये त्याची गणना ‘सर्वांत कमी चिंता’ या वर्गात केली असून, प्रौढ प्राण्यांचा अंदाज सव्वा लाखाच्या आसपास आहे. अपवाद आहेत: पूर्व ग्रीनलंडचे लहान कळप खरोखरच घटले आहेत, आणि तेथील शिकार थांबवावी असे शास्त्रज्ञांनी सुचवले आहे. तेथे शिकारीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरून सगळ्या इनुइटांना हस्तिदंताचे लोभी ठरवणे म्हणजे एका गावावरून सगळा मुलूख जोखणे.

इनुइट घरात नारव्हालचे महत्त्व आधी ताटात असते. कातडी आणि तिच्याखालची चरबी मिळून होणारा मात्ताक कच्चाच, बारीक चिरा देऊन खाल्ला जातो. जेथे भाजीपाला उगवत नाही तेथे क जीवनसत्त्व त्यातून मिळत आले. पाठीच्या स्नायुतंतूंचा दोरा होई, आणि झाडे नसलेल्या प्रदेशात लांब सुळा भाल्याच्या दांड्यासाठी वापरला जाई. वायव्य ग्रीनलंडमधील कानाक परिसरात आजही शिकारी कयाकमधून आवाज न करता जवळ जातो, आधी भाला रोवून दोराला फुगा बांधतो आणि नंतरच बंदूक चालवतो, जेणेकरून जखमी प्राणी बुडून वाया जाऊ नये. ग्रीनलंड आणि कॅनडा दोन्हीकडे शिकारीवर संख्येची मर्यादा आहे. कथेतही नारव्हाल येतो: आंधळ्या मुलाला उपाशी ठेवणारी निर्दय आई भाल्याच्या दोरीत अडकून समुद्रात ओढली जाते आणि नारव्हाल होते, तिच्या केसांचा पिळलेला पेड म्हणजेच सुळा. ही कथा सांगणाऱ्यांनी सुळा स्त्रीच्या केसांचा मानला, हे मला फार लक्षणीय वाटते.

आणि संकटाचेच बोलायचे तर बॅफिन बेटाच्या उत्तरेस काय झाले ते पाहावे. तेथील मेरी रिव्हर खाणीतील लोहखनिज मिल्न इनलेटमधून जहाजांनी बाहेर जाते, आणि हा मार्ग नारव्हालांच्या उन्हाळी वस्तीतून, एक्लिप्स साउंडमधून जातो. ध्वनीवर जगणाऱ्या प्राण्याला जहाजांचा गोंगाट किती जाचत असेल, याची कल्पना करता येते. २०१६ मध्ये तेथे सुमारे १२,००० नारव्हाल मोजले गेले होते. २०२१ मध्ये तो अंदाज ३,००० च्याही खाली आला. त्यातले काही शेजारच्या ॲडमिरल्टी इनलेटकडे सरकले असावेत आणि जहाजे हे एकमेव कारण नसेलही. तरी खाणीचे वार्षिक उत्पादन ६० लाख टनांवरून १ कोटी २० लाख टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवून बसले ते पाँड इनलेट आणि आर्क्टिक बे या गावांतले इनुइट शिकारीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तो प्रस्ताव फेटाळला.