सूचक, अनुमोदक आणि मी

माझं अक्षर सुवाच्य आहे. लोक याला गुण म्हणतात. मला हे पूर्वजन्मीचं देणं वाटतं आणि त्याची वसुली ग्रामपंचायत करते.

पोस्टात 31 वर्षं काढली. मनीऑर्डरचे फॉर्म भरून दे, कुणाच्या आजीचं 'इकडील सर्व क्षेम' लिहून दे, असं करता करता हात बसला. निवृत्त होऊन गावी आलो आणि दुसऱ्याच महिन्यात ग्रामसेवक भाऊसाहेब दारात उभे. शासनानं त्यांच्या पदाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलंय, पण गावाला एवढं लांबलचक म्हणायला वेळ नाही. भाऊसाहेब चहा घेऊन म्हणाले, "पोस्टमास्तर, ग्रामसभेचं प्रोसिडिंग तेवढं कच्चं टिपून द्या. पक्कं मी उतरवतो. माझ्याकडं तीन गावं आहेत आणि माझं अक्षर हल्ली मलाच लागत नाही."

मी हो म्हणालो. त्या दिवशी मी सभ्यपणा आवरता घ्यायला हवा होता.

आमच्याकडे 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. म्हणजे असायची असते. झेंडावंदनाला सगळं गाव येतं, मुलांच्या हातात जिलेबी पडते, आणि शिपाई खुर्च्या मांडायला लागला की मैदान असं रिकामं होतं जणू कुणी वसुलीची गाडी आल्याचं ओरडलंय. कायद्यात कोरम लिहिलाय: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. आमचे मतदार तेराशेच्या वर, तेव्हा 100 माणसं पाहिजेत. जमली 43. त्यातले सहाजण मागे ठेवलेल्या मंडपाच्या कनाती न्यायला आले होते.

"सभा तहकूब," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. कारण तहकूब झालेल्या सभेला कोरमच लागत नाही. 1992 साली 73 वी घटनादुरुस्ती करून गावाच्या हाती सत्ता दिली. त्या सत्तेला आधी 100 माणसं लागतात, आणि नाही आली तर पुढच्या आठवड्यात बाराही चालतात. तरी हजेरीचं रजिस्टर मोकळं दिसू नये म्हणून आमचा शिपाई ते संध्याकाळी दूध डेअरीवर घेऊन जातो. फॅट लागेपर्यंत माणूस हलत नाही, हे त्याला ठाऊक आहे. एका हातात किटली धरून दुसऱ्या हातानं लोक सही ठोकतात. रजिस्टरच्या पानांना साईचा वास येतो.

पण या वेळची तहकूब सभा वेगळी निघाली. 22 तारखेला मंदिरासमोरचा सभामंडप भरला. चपला पायऱ्यांच्या खाली गेल्या. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता: 'शाळेसमोरील चिंचेचे झाड व रस्ता रुंदीकरण'.

त्याचं असं आहे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपुढं एक जुनी चिंच आहे. तिच्या बुंध्याशी रस्ता अरुंद होतो आणि तिथं इंग्रजी शाळेची पिवळी बस वळत नाही. गावातली निम्मी पोरं त्या बसनं नऊ किलोमीटर लांब शिकायला जातात. म्हणजे जिच्यात पोरं उरली नाहीत त्या शाळेपुढची चिंच तोडायची, कशासाठी, तर उरलेली पोरं लवकर नेता यावीत.

मी पेन उघडलं. अध्यक्षस्थानी सरपंचबाई होत्या, हे लिहिलं. खरं तर त्या खुर्चीत होत्या आणि बोलत त्यांचे मालक होते, पण प्रोसिडिंगात मालकांसाठी रकाना नाही. महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे. तेव्हापासून गावोगाव एका पदावर दोन माणसं काम करतात आणि मानधन एकालाच मिळतं.

"पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधी आलाय," मालक म्हणाले. "रस्ता त्यातनं होतोय. झाड आड येतंय. एवढाच विषय. घ्या ठराव."

"अबंधित म्हंजी?" मागून एकानं विचारलं.

"म्हंजी ज्याच्यावर बंधन न्हाई."

"मग तुमच्यावर पण न्हाई का?"

इथं दहा मिनिटं गेली. बंधित निधी पाण्याला आणि स्वच्छतेलाच खर्चावा लागतो, त्याचा वाटा 60 टक्के, उरलेला 40 टक्के अबंधित, हे भाऊसाहेबांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "मंजे पैसं आल्यात का न्हाई तेवढं सांगा." मी लिहिलं: 'निधीबाबत सविस्तर माहिती देण्यात आली.'

प्रोसिडिंगची भाषा ही अशी आहे. माणसं जे बोलतात ते लिहायचं नसतं, बोलून झाल्यावर जे शिल्लक राहतं ते लिहायचं असतं. 'साधकबाधक चर्चा झाली' म्हणजे दोघांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. 'काही सदस्यांनी हरकत नोंदवली' म्हणजे एकजण चप्पल शोधत होता, आणि ती घालायला नव्हे.

मग तात्या उठले. तात्यांचा नातू पिवळ्या बसमध्ये जातो. "त्या चिंचेपायी बस वळत न्हाई, पोरं चिखलातनं चालत जात्यात. पोरांचं शिक्षण मोठं का झाड मोठं?" टाळ्या पडल्या. वर त्यांनी जोड दिली, "एक तोडू, धा लावू!"

हे ऐकल्यावर कोपऱ्यातून एक आजी बोलल्या. आजींना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या मुद्द्याचं बोलल्या. "लावल्याली कुठंयत रं? गायरानात खड्डं तीच हायती. एका साली लावली, दुसऱ्या साली त्यातच लावली, तिसऱ्या साली बी त्यातच."

आजींना आकडे ठाऊक नव्हते, पण मला होते, कारण तेव्हाची पोस्टरं आमच्या पोस्टाच्या भिंतीवरही लागली होती. राज्याचं उद्दिष्ट 2016 ला 2 कोटी झाडं, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. आमच्या गायरानानं चारही वर्षं इमानेइतबारे हातभार लावला, त्याच खड्ड्यांतून. आकडा वाढत गेला, खड्डे गुळगुळीत झाले. सध्या त्यांत म्हशी बसतात.

एका तरुण सदस्यानं हिवरे बाजारचा दाखला दिला. नगर जिल्ह्यातलं ते गाव बघायला आमची पंचायत बस करून गेली होती. तिथं कुऱ्हाडबंदी आहे, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, शेतीला बोअर घेऊ देत नाहीत. "आपन काय शिकून आलो मग?" पोरानं विचारलं. यावर अण्णा, म्हणजे आमचे माजी सरपंच, म्हणाले, "बोअर घेऊ देत न्हाईत त्या गावात आपली सोयरीक व्हायची न्हाई." येताना वाटेत एका ढाब्यावरचं आख्खा मसूर चांगलं होतं, यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत झालं. सभेतलं ते पहिलं एकमत. मी चुकून लिहिलंही, मग खोडलं.

इतक्यात शाळेच्या बाई उभ्या राहिल्या. दोन शिक्षकी शाळा, त्यातल्या या मुख्याध्यापक. हातात हजेरीपट घेऊनच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झाडाचं तुम्ही ठरवा. माझा पट 19 आहे. वीस किंवा त्याच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून एकच समूह शाळा करायची, हे 2023 पासून चाललंय. पानशेतला आणि तोरणमाळला जसं केलं तसं. आपली शाळा गेली तर ही 19 पोरं पण लांब जातील. मला दोन मुलं द्या. दोन. पट 21 होतो."

सभामंडपात पंखा फिरत होता. पन्नास-साठ माणसं त्या पंख्याकडे बघू लागली. मीही बघितलं, पात्यावर जाळं होतं. बाईंनी प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं. तात्या खिशात काहीतरी शोधत होते. ज्यांनी त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतल्या एकानं उगाचच मोबाइल कानाला लावला आणि "हां, हां, सभेत हाय" असं न वाजलेल्या फोनला सांगितलं. बाई हजेरीपट मिटून खाली बसल्या.

'पटसंख्या वाढवण्याबाबत ग्रामस्थांना आवाहन करण्यात आले,' असं मी लिहिलं. अक्षर उत्तम आलं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल ऐकलेलं आठवलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथं सगळ्यांचं पटेपर्यंत चर्चा चालते, बहुमतानं उरकत नाहीत. आमच्याकडे 'सर्वानुमते' हा शब्द भाऊसाहेब वहीत आधीच लिहून ठेवतात. चर्चा त्याच्या वरच्या जागेत बसवायची असते.

तर सूचक कोण, अनुमोदक कोण, यावर गाडी आली. सूचक तात्या. अनुमोदक व्हायला तिघे धावले, कारण नाव वहीत येतं. आणि त्याच वेळी मागच्या खांबाला टेकून बसलेला बसचा ड्रायव्हर म्हणाला, "बस वळती की."

सगळे वळले.

"झाडाखाली ट्रॉली नसंल तर वळती. ट्रॉली असली की न्हाई वळत. रोज असती."

"कुणाची ट्रॉली?" मालकांनी अध्यक्षांच्या अधिकारानं विचारलं.

ड्रायव्हर गप्प बसला. त्याला रोज सकाळी तात्यांच्या नातवाला घ्यायचं असतं. पण ट्रॉलीवर मागं तात्यांच्या थोरल्याचं नाव लाल रंगात, शेजारी मोराचं चित्र आणि खाली 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असं लिहिलेलं आहे, हे पाच वर्षांच्या पोरालाही वाचता येतं. कुठल्याही माध्यमाच्या.

"सावलीला लावतो," तात्या म्हणाले. "टायर तापत्यात."

"मग झाड तोडल्यावर कुठं लावनार?" आजी.

यानंतर वीस मिनिटं जे झालं ते सगळं मिळून 'साधकबाधक' आहे. 1985 सालचा बांध निघाला. कुणाच्या लग्नात कुणाला आहेर केला नाही ते निघालं. शिपायानं माइक काढून घेतला, पण आमच्याकडे भांडणाला माइक लागत नाही.

सरपंचबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, आदलं पान काढा."

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती 14 तारखेला झाली होती. तिचं टिपण अंगणवाडीच्या ताईंनी केलं होतं आणि त्यांचं अक्षर, सांगायला वाईट वाटतं, माझ्यापेक्षा चांगलं आहे. भाऊसाहेबांनी पान उलटलं. घसा खाकरला. 'शाळेपुढील चिंचेचे झाड तोडू नये. चिंचेच्या लिलावाची रक्कम दरवर्षी शाळेस द्यावी. झाडाखाली वाहन उभे करू नये.' सूचक: त्या कोपऱ्यातल्या आजी. अनुमोदक: मालकांच्या मातोश्री.

मालकांनी आईचं नाव वहीत पाहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"बरं," भाऊसाहेब म्हणाले, "तसंही 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात चिंच आहे. साग, चंदन, आंबा, मोह, त्याच यादीत. परवानगीशिवाय तोडता येतच नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?" मी न राहवून विचारलं. कच्चं लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं.

"सांगणारच होतो. पण चर्चा रंगली होती."

दुपारी दीडला सभा संपली. आभार कुणी मानले ते कळलं नाही, पण लिहिलं.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. संध्याकाळी तात्या घरी आले. एक डझन केळी ठेवली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "पोस्टमास्तर, ते 'ट्रॉली' न्हाई बरं दिसत. कागद पंचायत समितीत जातो. 'वाहन' करा." मला पटलं. महिला सभेच्या ठरावातही वाहनच होतं. मी खाडाखोड करून 'वाहन' केलं.

सकाळी अण्णा आले. केळी नव्हती, आवाज होता. "वाहन? त्या झाडाजवळ माझी जीप असती शनवारी. लोक म्हनतील अण्णाची जीप! ट्रॉली म्हंजी ट्रॉली, साफ लिवा." मी 'वाहन' खोडून 'ट्रॉली' केलं. अकराला मालक. त्यांना 'मातोश्री' हा शब्द नको होता, नुसतं नाव पुरे. दुपारी तोच तरुण सदस्य, त्याचं हिवरे बाजारचं बोलणं पूर्ण घालावं म्हणून. चारला आजी स्वतः काठी टेकत आल्या. मला वाटलं आता यांचं काय. त्या म्हणाल्या, "माजं काय लिवलंस वाचून दाव." मी वाचलं. "बरं हाय," म्हणाल्या आणि समोरची केळी दिसली म्हणून दोन घेऊन गेल्या.

शाळेच्या बाई तेवढ्या आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी कच्ची वही भाऊसाहेबांकडे दिली. त्यांनी चौथा विषय उघडला. खोडलेल्यावर खोडलेलं, बाणावर बाण, समासात दोन शब्द, त्यांच्यावर पुन्हा काट. वही त्यांनी उजेडाकडे धरली, तिरकी केली, जवळ आणली.

"पोस्टमास्तर, अक्षर बिघडलं हो तुमचं."

मी मान खाली घातली. आतून मात्र पेढे वाटावेसे वाटत होते. "वय झालं," मी म्हणालो. "आता दुसरं कुणीतरी बघा. अंगणवाडीच्या ताई आहेत."

"बघतो ना," भाऊसाहेब वही मिटत म्हणाले. "पण पुढची सभा 2 ऑक्टोबरला आहे. सव्वा महिना आहे हातात. तोवर रोज एक पान शुद्धलेखन काढा."