नवऱ्याच्या फाइलीत बायकोचं कार्ड

मंगेशीच्या जत्रेतलं खाजं होतं माझ्याकडे, पिशवीत राहून थोडं सादळलेलं, ते घेऊन फोंड्याला तिस्कावर गेलो तर कट्टा आधीच भरलेला. आमचा कट्टा म्हणजे रस-ऑम्लेटच्या गाड्यामागे एका बंद दुकानाच्या तीन पायऱ्या, दुसरं काही नाही. वरच्या पायरीवर उल्हास सर, कारण त्यांचे गुडघे. मधल्यावर प्रसाद, जो लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो आणि त्यामुळे सगळ्या फोंड्याचं उत्पन्न त्याला तोंडपाठ आहे. खाली रोहिदास, पणजी लाइनवर त्याची बस आहे. गौतमी बँकेतून घरी जाताना पार्सल घ्यायला थांबते आणि स्कूटरवरून न उतरताच तासभर वाद घालते.

विषय मीच काढला. माझी मावसबहीण मैथिली न्यू जर्सीला असते, तिचं कामाच्या परवानगीचं कार्ड जानेवारीत संपलं आणि नोकरी गेली, एवढंच मी म्हटलं.

रोहिदास म्हणाला, गेली म्हणजे काय, काढली?

काढली नाही रे, कार्ड संपलं म्हणून कंपनीला तिला कामावर ठेवताच येत नाही, तोच कायदा आहे.

मग नवरा आहे ना कमावता, डॉलरात कमावतो, बसू दे की चार महिने घरी, आमच्या बायका बसत नाहीत?

झालं. गौतमीने स्कूटर बंद केली. ती स्कूटर बंद करते तेव्हा समजायचं की आता ऑम्लेट थंड होणार.

मैथिलीची हकीगत थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बी. फार्म. झालेली, कुंडईच्या वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटीला चार वर्षं होती, पगार बरा, दुचाकी स्वतःच्या पैशाची. २०१९ ला लग्न झालं, भाऊजी एच-१बी वर, म्हणजे तिथल्या कंपनीच्या नोकरीच्या व्हिसावर, तिथे होते, ही एच-४ वर गेली. एच-४ म्हणजे त्याची बायको, बस. बँकेत खातं काढता येतं, गाडीचं लायसन मिळतं, कॉलेजात शिकताही येतं, पण पगाराचं काम केलं तर व्हिसा धोक्यात, आणि कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा मिळत नाही. तीनेक वर्षं तिने घरात काढली. मग भाऊजींच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी भरलेला आय-१४० मंजूर झाला आणि त्याच्या जोरावर हिला ईएडी मिळालं, म्हणजे काम करायचं परमिट. ते मिळाल्याबरोबर तिने त्या कार्डाचा फोटो पाठवलेला मला, कार्ड हातात धरलेलं आणि अंगठ्याने स्वतःचाच फोटो अर्धा झाकलेला, खाली लिहिलेलं, दादा, आता मी पण कोणीतरी.

पुढे तीन वर्षं लॅबमध्ये नोकरी. आता भाऊजींचं एच-१बी एक्स्टेन्शन, त्याला जोडून हिचं एच-४, त्याला जोडून हिचं ईएडी. त्यांच्या कंपनीने पेपर भरायला उशीर केला, नोव्हेंबर उजाडला. आधी असं होतं की मुदतीत रिन्यूअल भरलं की जुनं कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालायचं. ते ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलं. त्या तारखेच्या आधी अर्ज भरलेले सुटले, नंतरचे अडकले. ही थोडक्यात अडकली, तेही दुसऱ्याच्या उशिरामुळे. जादा फी भरून लवकर करून घ्यावं म्हटलं तर ह्या अर्जाला ती सोयच नाही.

उल्हास सर म्हणाले, हे बघ, वाईट वाटतं ते खरं, पण मूळ मुद्दा बघ. पाहुणा म्हणून गेलात, यजमानाने एकाला बोलावलंय कामाला, दुसरा त्याच्याबरोबर आलाय. यजमान म्हणतो तू बस, जेव, पण माझ्या दुकानात काम मागू नकोस. त्यात अन्याय कुठला? आणि तिथलेही लोक आहेत ना. कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीतले आयटीवाले, त्यांचं म्हणणं एच-१बी वाल्यांना आणून आम्हाला घरी बसवलं, तेच लोक सेव्ह जॉब्स यूएसए म्हणून संघटना करून कोर्टात गेले २०१५ ला. एच-४ वाल्यांना काम करू देणारा नियम लागू व्हायच्या आधीच, त्याच्याविरुद्ध गेले.

सर वाचून आलेले असतात हा त्यांचा त्रास आहे.

पण हरले ना सर, गौतमी म्हणाली. जिल्हा कोर्टात २०२३ ला हरले, अपिलात ऑगस्ट २०२४ ला हरले, आणि ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

हरले म्हणजे सरकारला असा नियम करायचा अधिकार आहे एवढंच ठरलं, सर म्हणाले. नियम ठेवलाच पाहिजे असं कोर्टाने कुठे म्हटलंय? उद्या सरकारने रीतसर प्रक्रिया करून काढून टाकला तर? मागे २०१७ पासून काढणार काढणार चाललंच होतं, जानेवारी २०२१ ला तो प्रस्ताव मागे घेतला म्हणून वाचले. ओबामाच्या वेळी, २०१५ च्या मे महिन्यात, एका खात्याच्या नियमाने मिळालेली गोष्ट आहे ती. कायद्यात एच-४ वाल्या बायकोच्या कामाबद्दल शब्द नाही.

इथे सर बरोबर होते हे मला मान्य करावं लागलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. एल-१ म्हणून एक व्हिसा असतो, कंपनी आपल्याच माणसाला इथल्या ऑफिसातून तिथल्या ऑफिसात पाठवते तो. त्याच्या बायकोला काम करता येईल असा कायदाच तिथल्या संसदेने २००२ ला केला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात कोर्टातल्या एका तडजोडीनंतर तर तिला वेगळं कार्डही लागेनासं झालं, व्हिसा आहे म्हणजे परवानगी आहे. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर, दोन मराठी बायका, दोघी बी. फार्म., एकीचा नवरा एल-१ वर म्हणून ती सोमवारपासून कामाला जाऊ शकते, दुसरीचा एच-१बी वर म्हणून ती आय-१४० ची वाट बघत पोळ्या करते. दोघींच्या डिग्रीचा, अनुभवाचा, कशाचा म्हणजे कशाचा संबंध नाही.

रोहिदास म्हणाला, मग आय-१४० मंजूर झाल्यावर ग्रीन कार्डच का देत नाहीत, भानगडच मिटेल.

ह्यावर प्रसाद हसला. तो म्हणाला, अरे वर्षाला नोकरीवाली ग्रीन कार्डं साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आपला देश केवढा, लक्झेंबर्ग केवढा, दोघांना मर्यादा तीच. भारतीयांचे ईबी-२ चे, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्गातले, दहा वर्षांहून जुने अर्ज अजून काढतायत. म्हणजे आज लायनीत उभा राहिलेला माणूस त्याच लायनीत म्हातारा होणार. ते एच-४ चं परमिट सुचलं ते ह्या लायनीमुळेच. नाहीतर लोक कंटाळून परत जातील आणि कंपन्यांचं नुकसान होईल. बायकांवर दया आली म्हणून नाही दिलेलं.

घेणाऱ्यांमध्ये शंभरातल्या नव्वदहून जास्त भारतीय आणि नव्वदहून जास्त बायका, गौतमी म्हणाली, २०१७ च्या शेवटापर्यंत पहिल्यांदा कार्ड मिळालेल्या ९०,००० च्या वर होत्या. म्हणजे हा आपल्याच घरांचा प्रश्न आहे, आणि तुम्ही म्हणताय बसू दे घरी.

मी बसू दे म्हटलं ते आर्थिक दृष्टीने, रोहिदास म्हणाला. माझा भाऊ तारवटी, नऊ महिने बोटीवर, त्याला बायको नेताच येत नाही, तो कुठे कोर्टात गेला? वहिनी इथे बालवाडीत शिकवते.

शिकवते ना, तेच म्हणते मी, तिचं काम तिच्याकडे आहे.

रोहिदास गप्प. अंडं तव्यावर पडल्याचा आवाज आला तेवढाच.

मग प्रसादने तो मुद्दा काढला जो मला रात्री झोपेपर्यंत पुरला. म्हणाला, आपण गोव्याची माणसं, आपल्याला हे जास्त खटकायला पाहिजे. इथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्न झालं की करार केलेला नसेल तर मालमत्ता अर्धी-अर्धी. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते, नाहीतर नोंदणी कार्यालयात फाइल पुढे सरकत नाही. आणि आयकरात एक तरतूद फक्त आपल्यासारख्यांना, पगार सोडून जे उत्पन्न, भाडं म्हणा व्याज म्हणा, ते दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं निम्मं. माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांनी आयुष्यात कमावलेलं नाही पण रिटर्न भरतात. आणि इथून गेलेली मुलगी तिथे नवऱ्याच्या फाइलीतलं एक जोडपत्र.

सर म्हणाले, मालमत्ता वेगळी, कामाचा हक्क वेगळा.

बरं मग हे घ्या, गौतमी म्हणाली, आमच्या शेजारचा, दहावीला दोनदा बसलेला, आजोबा १९६१ च्या आधीचे म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि आयर्लंडला गेला, गोदामात काम करतो. त्याची बायको भारतीय पासपोर्टवर गेली, हॉटेलात नोकरी करते, तिला कोण विचारत नाही तुझा नवरा किती शिकलाय. युरोपियन युनियनचा नियमच तसा आहे, नागरिक दुसऱ्या सदस्य देशात गेला की त्याच्या जोडीदाराला कामाचा हक्क. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याची बायकोसुद्धा गेल्यापासून काम करू शकते, माझी वहिनी करते. मग अमेरिकेलाच काय झालंय?

सगळीकडे आवळतायत गो, प्रसाद म्हणाला. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं ओपन परमिट ठरावीक वरच्या कामांपुरतं आणि परमिटची निदान १६ महिने मुदत उरलेली असेल तरच ठेवलं. सिंगापूरने मे २०२१ पासून सांगितलं, डिपेंडंट पासवर कामाला परवानगीचं साधं पत्र चालणार नाही, स्वतःचा वर्क पास काढा. अमेरिका निदान देते तरी.

तेवढ्यात रोहिदासने सगळ्यांची विकेट काढली. एरवी तो आमच्याशी मराठीत बोलतो, रागावला की कोकणीत जातो. म्हणाला, पयलीं आपल्या घरांत पळय मरे. ह्याच पायरीवर बसून गेल्या आठवड्यात कोण ओरडत होतं, सगळ्या नोकऱ्या भायल्यांनी, बाहेरच्यांनी, खाल्ल्या म्हणून? सरकारी नोकरीला १५ वर्षांचा रहिवासी दाखला कोण मागतं? आपणच. वेर्ण्याला कंपनीत जर्मन इंजिनिअर आला तर त्याच्या बायकोला आपण काय देतो, एन्ट्री व्हिसा, त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. तेव्हा गोंयकार कुठे जातो?

आणि जाहिरातीत कोकणी आवश्यक, मराठी असल्यास बरं, सर मध्येच म्हणाले. ह्या विषयावरून कुठल्याही वादात ते तिथे पोचतातच, त्यांना सोडून दिलं.

पण रोहिदासला उत्तर द्यायला हवं होतं आणि माझ्याकडे पूर्ण नव्हतं, अजून नाही. गेल्या आठवड्यात ओरडणारा मीच होतो. मी एवढंच म्हटलं की दाखला मागणं वेगळं, तो निदान त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर मागतो आपण, तू किती वर्षं राहिलास. इथे मैथिलीला कोणी तिचं काही विचारलंच नाही. तिला परमिट मिळालं ते नवऱ्याच्या कागदामुळे, गेलं ते नवऱ्याच्या कंपनीच्या उशिरामुळे, उद्या नवऱ्याची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी नाही शोधली की दोघांनी बॅगा भरायच्या, हिची नोकरी कितीही पक्की असली तरी. आणि देव न करो, दोघांचं बिनसलं, घटस्फोट झाला, तर हिचा व्हिसाच गेला. अशा घरात भांडायचं तरी कुठल्या जोरावर? नको असेल तर कोणालाच देऊ नका, द्यायचं तर तिला द्या.

तिला द्या म्हणजे तिने वेगळी एच-१बी काढावी, सर म्हणाले, तोच मार्ग आहे.

काढा सर, गौतमी म्हणाली, वर्षाला ८५,००० जागा, लॉटरी, आणि बाहेरून नवा माणूस आणायचा तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने कंपनीला १,००,००० डॉलर. ती तिथेच आहे म्हणून ते पैसे कदाचित वाचतील, पण लॉटरी कोण वाचवणार?

मी म्हटलं, तिलाच विचारू या, आणि फोन लावला. साडेसात वाजले होते, म्हणजे तिच्याकडे सकाळचे नऊ. एरवी ह्या वेळी तिचा फोन लागायचा नाही, लॅबमध्ये फोन बाहेर लॉकरात ठेवावा लागतो. आज पहिल्या रिंगला उचलला.

स्पीकरवर टाकला. सगळे एकदम बोलले. ती हसली, म्हणाली, रस-ऑम्लेटचा वास येतोय दादा. रोहिदासने खाजं पाठवतो म्हणून सांगितलं, सरांनी केसचा निकाल वाचलास का विचारलं, तिने वाचला नव्हता. गौतमीने विचारलं, किती दिवस लागतील म्हणतात? ती म्हणाली, साइटवर जो आकडा आहे तो मी सकाळी एकदाच बघते आता, आधी दहादा बघायचे. तिच्या बॉसने मेल केली होती, जागा मार्चपर्यंत रिकामी ठेवतो, पुढे बघू.

मग म्हणाली, दादा स्पीकर काढ.

मी गाड्याच्या पलीकडे गेलो, गटारावरच्या लादीवर. ती म्हणाली, एक काम कर, आपल्या फार्मसी कौन्सिलात माझं रजिस्ट्रेशन आहे ना, ते लॅप्स झालंय का बघ, आणि झालं असेल तर परत चालू करायला मी तिथे लागते की नुसते कागद चालतात ते विचार. मी विचारलं, येतेस की काय? ती म्हणाली, येत नाही, नुसतं विचार. ह्यांना काही बोलू नकोस.

परत आलो तर सगळे बघत होते. मी म्हटलं, काही नाही, एक कागद हवाय तिला इथला.

प्रसाद म्हणाला, कुठला? अटेस्ट करून हवा असेल तर सकाळी लवकर ये, अकरानंतर माझ्याकडे गर्दी असते. गौतमीने पार्सल परत तव्यावर गरम करून मागितलं, गाडेवाला वैतागला. खाज्याची पिशवी रोहिदासने बसमध्ये कंडक्टरला देतो म्हणून नेली.